चाल मोडली की शर्यत गेली

पॅरिसच्या व्हँसेन मैदानावर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी प्री द'अमेरिक ही शर्यत होते. १९२० साली सुरू झालेली, २,७०० मीटरची, सल्की नावाच्या दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांची. तिची चित्रफीत आपल्याकडे, म्हापशात काय किंवा फोंड्यात काय, कुणीही पहिल्यांदा पाहिली की एकच प्रश्न येतो: तो घोडा सगळ्यांत जोरात सुटला आणि त्यालाच बाद केलं?

हो. जोरात सुटला म्हणूनच बाद केलं. या शर्यतीत घोड्याने चौखूर उधळायचं नसतं. ठरलेली चाल सांभाळून जो पहिला पोचेल तो जिंकला. हा एक नियम नीट समजला की गाडीवानाचे डावपेच, पंचांचे निकाल आणि घोड्याच्या तब्येतीचे प्रश्न हे सगळं एकाच दोरीत ओवलेलं आहे हे दिसायला लागतं. (गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शिगम्यातल्या घोडेमोडणीशी या 'मोडण्या'चा काही संबंध नाही. तिथे लाकडी घोडा कमरेला बांधतात आणि चाल नाचणाऱ्याची असते.)

चाली दोन. पहिली दुडकी: पुढचा डावा पाय आणि मागचा उजवा एकत्र, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. दुसरीत एका अंगाचे दोन्ही पाय एकत्र पुढे पडतात. आपल्याकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रवाल म्हणून जी चाल वाखाणतात, तिच्याच कुळातली ही. फ्रान्स-स्वीडनमध्ये दुडकीचं राज्य आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या चालीच्या शर्यती जास्त, कारण ती चाल थोडी वेगवान आणि मोडायला कठीण. २०२२ च्या जुलैत बुलडॉग हॅनोव्हर या घोड्याने अमेरिकेतल्या मेडोलँड्स मैदानावर एक मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत कापला, तो याच चालीने. ताशी साधारण ५५ किलोमीटर झाले, तेही चौखूर न होता.

अमेरिकेतले हे घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे. १७८८ साली इंग्लंडहून अमेरिकेत नेलेला मेसेंजर आणि त्याच्या वंशातला, १८४९ साली जन्मलेला हॅम्बल्टोनियन हे या जातीचे मूळ पुरुष. नाव पडलं ते १८७९ मध्ये ठरवलेल्या मापामुळे (इंग्रजीत 'स्टँडर्ड'): एक मैल अडीच मिनिटांच्या आत दुडकीने धावला तर जातीच्या वंशावळीच्या वहीत नोंद. २०१२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी डीएमआरटी-३ या जनुकातला एक बदल दाखवून दिला. तो असला की घोडा एकाच अंगाचे पाय एकत्र टाकू शकतो आणि मोठ्या वेगातही चौखुरावर जात नाही. म्हणजे ही नुसती शिकवणूक नव्हे, रक्तातही आहे. तरी रक्ताला मर्यादा असतेच.

मर्यादा ओलांडली की घोडा चाल मोडतो. का मोडतो, यावर जाणकार लोक घोड्याची अर्धी कुंडली मांडतात. कुठे मोडला ते आधी पाहायचं.

सुरुवातीलाच मोडला तर बहुतेक वेळा गाडीवानाची घाई. घोड्याला पाय जुळवायला वेळ न देता लगाम सोडला, किंवा शेजारची गाडी अंगावर आल्यामुळे तो बिचकला. दरवेळी वळणावरच, आणि त्याच एका वळणावर मोडत असेल तर पाय तपासायचा. शर्यत बहुतेक ठिकाणी डावीकडे वळत धावतात, त्यामुळे वळणावर आतल्या म्हणजे डाव्या पायांवर वेगळा ताण येतो. तिथे गुडघा किंवा खुरामागची स्नायुबंधं दुखत असतील तर घोडा डोकं एका बाजूला ओढत धावतो, एका लगामावर लटकतो आणि शेवटी पाय वाचवण्यासाठी चाल बदलतो. सरळ पट्ट्यात, वेग वाढवताना मोडला तर नालबंदाला बोलवायचं. पुढचे खूर लांब राहिले असतील तर पुढचा पाय उशिरा उचलला जातो आणि मागचा त्यावर आदळतो. असं एकदा लागलं की दुडकीवाला घोडा पुढच्या वेळी त्या वेगाला आधीच घाबरतो. नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलतात ते याचसाठी. शेवटच्या शंभर मीटरांत मोडला तर दम संपला, किंवा पुठ्ठ्याचे स्नायू आखडले. दोन दिवस विश्रांती, पण चंदी मात्र पूर्ण, आणि तिसऱ्या दिवशी कस लावला, तर हे आखडणं हमखास दिसतं. सुटीच्या दिवशी दाणा कमी करायचा असतो. हे तांगेवाल्यांना माहीत होतं, मोठ्या पागांत अजून विसरतात.

दुसऱ्या चालीच्या घोड्यांना पायपट्टे घालतात: एका अंगाचे दोन्ही पाय ज्यात अडकतात असे फासे, वरून दोऱ्यांनी टांगलेले. लांबी घोड्याच्या उंचीप्रमाणे आणि पावलाप्रमाणे, साधारण ५४ ते ६२ इंच. सैल ठेवले तर त्यांचा उपयोग नाही. आखूड केले तर पाऊल तुटतं, आतल्या बाजूची कातडी सोलवटते आणि थकलेला घोडा त्यातच अडखळून पडण्याची भीती. काहीजण दर शर्यतीला एक भोक आवळत जातात, म्हणजे मोडायला वावच राहू नये. ते चूक आहे. घोडा ज्या दुखण्यामुळे चाल बदलू पाहतो ते दुखणं तिथेच राहतं, फक्त बोलायची सोय जाते. म्हणूनच अमेरिकेत पायपट्ट्यांची लांबी प्रत्येक घोड्याच्या साजाच्या नोंदीत लिहिलेली असते आणि पंचांना न सांगता बदलता येत नाही.

आता मोडल्यावर गाडीवानाने काय करायचं? अमेरिकेच्या नियमांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत. बाहेर मोकळी जागा असेल तर बाहेरच्या बाजूला निघायचं. लगाम खेचून घोडा पुन्हा चालीवर आणायचा खरा प्रयत्न करायचा. आणि या सगळ्यात मागे पडायचं. तिसरी अट महत्त्वाची. चौखूर धावत जागा राखली किंवा पुढे गेला तर पंच खालचा क्रमांक देतात. अंतिम रेषेवर अजून एक बारकावा: मोडलेल्या घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्याला दुसऱ्या, चाल सांभाळणाऱ्या घोड्याचं नाक लागलेलं असेल तर मोडलेला त्याच्या मागे. मग तो पुढे का असेना. फ्रान्समध्ये हात जास्त कडक आहे. जास्त वेळ चौखूर राहिला, त्यातून फायदा घेतला किंवा रेषा चौखूर ओलांडली तर सरळ बाद, आणि लाखो युरोंची शर्यत असली तरी सूट नाही. मला फ्रेंच पद्धत बरी वाटते. बाद होण्याची भीती असली की गाडीवान थकलेल्या घोड्याला शेवटपर्यंत पिळत नाही, तो थोडा हात आवरतो.

डावपेचांकडे यायचं तर सुरुवातीपासून. अमेरिकेत १९४६ पासून सुरुवात मोटारीने होते. मोटारीला दोन्ही बाजूंना पंखांसारखे दांडे, त्यांच्या मागे घोडे ओळीत. रेषेच्या ४०० मीटर आधी मोटार निघते. पहिले २०० मीटर ताशी निदान अठरा किलोमीटर, पुढचे शंभर मीटर निदान २९, मग हळूहळू पूर्ण वेग. रेषेवर पंख मिटतात आणि मोटार निघून जाते. युरोपात काही शर्यतींत अजून गोल फिरून वळत सुरुवात करतात. त्यात मोडणारे घोडे जास्त, आणि गाडीवानाच्या हाताची खरी परीक्षाही तिथेच होते.

रेषा ओलांडली की पहिल्या चारशे मीटरांत प्रत्येकाला ठरवावं लागतं: पुढे जायचं, कुणाच्या मागे बसायचं, की बाहेर राहायचं. आतल्या कडेला आघाडी. आघाडीच्या थेट मागची जागा म्हणजे खिसा: वारा नाही, वळणं आखूड, पण शेवटी बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर ताकद अंगातच राहते. आघाडीच्या बाहेर, कुणाच्याही आडोशाविना धावणारी जागा सगळ्यांत वाईट. ऑस्ट्रेलियात तिला सरळ 'डेथ सीट' म्हणतात. तिच्या मागची जागा मात्र उत्तम: आडोसाही आहे आणि वाटही मोकळी. फक्त पुढचा घोडा लवकर दमला तर त्याच्याबरोबर मागे ओढलं जायचं, म्हणून कुणाच्या मागे बसतोय हे आधी पाहायला हवं.

वाईट का, ते आकड्यांत. एक वळण म्हणजे अर्धवर्तुळ. आतल्या कडेपासून एक मीटर बाहेर धावलं की एका वळणाला ३.१४ मीटर जास्त. बाहेरची गाडी दीड मीटर बाहेर धरली तर एका वळणाला ४.७ मीटर. अर्ध्या मैलाच्या मैदानावर एका मैलात चार वळणं येतात, म्हणजे जवळजवळ १९ मीटर. एक मैल १ मिनिट ५५ सेकंदांत म्हणजे सेकंदाला १४ मीटर, तेव्हा हे सव्वा ते दीड सेकंदाचं नुकसान झालं. घोड्याची एक लांबी म्हणजे ढोबळमानाने एक पंचमांश सेकंद, म्हणजे सहा-सात लांब्या. एक मैलाच्या मैदानावर दोनच वळणं, नुकसान निम्मं. म्हणून ओहायोच्या डेलावेअर गावातल्या लिटल ब्राऊन जगसारख्या अर्ध्या मैलाच्या मैदानावरच्या शर्यतीत आतली जागा सोन्याची, आणि मेडोलँड्सच्या मैलाच्या मैदानावर मागून येणारेही जिंकतात. यात वाऱ्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: सेकंदाला तेराचे चौदा मीटर केले की त्या भागाची ताकद पाव पट जास्त.

मग आघाडीवाला काय करतो, तर श्वास चोरतो. उदाहरणादाखल: पहिला पाव मैल २७.२ सेकंद, दुसरा २९.४, तिसरा २८.१, चौथा २७.८. एकूण १ मिनिट ५२.५. दुसऱ्या पाव मैलात त्याने सव्वादोन सेकंद विसावा घेतला. तोच घोडा पहिला पाव मैल २६.२ मध्ये धावला तर शेवटचा ३०.४ ला जातो आणि एकूण वेळ १ मिनिट ५४.१ पडते. लवकर उडवलेली ताकद परत मिळत नाही. म्हणून अनुभवी गाडीवान दुसऱ्या पाव मैलातच बाहेर निघतो, आघाडीवाल्याला विसावा घेऊ न देण्यासाठी. बाहेरचा घोडा बळी जातो, पण मागचा मोकळा होतो. एकाच मालकाचे किंवा एकाच शिक्षकाचे दोन घोडे असतील तर हे लगेच डोळ्यांवर येतं.

इथे पंचांची खरी अडचण सुरू होते. धक्का मारला, वाट अडवली, आतल्या कडेच्या खुणेच्या दांड्या ओलांडून आत गेला, हे फिल्मवर दिसतं. मुद्दाम हळू धावला हे दिसत नाही. अमेरिकेच्या नियमांत म्हणून दोन गुन्हे वेगळे लिहिले आहेत: पुढच्या घोड्याला धरून राहण्याची ताकद असताना मुद्दाम मागे राहून पोकळी सोडणं, आणि पाव मैल अवाजवी हळू काढणं. पहिल्यात मित्राला आत यायला जागा मिळते, दुसऱ्यात सगळं मैदान अडकतं. सिद्ध करायला पंच आधीच्या शर्यतींचे पावपाव मैलांचे आकडे काढतात. एकटा आकडा काही सांगत नाही, गाडीवानाचे हात सांगतात: घोडा पुढे ओढत असताना कोपर मागे, पाठ आडवी, लगाम ताठ.

चाबकाचंही हातातच दिसतं. बऱ्याच ठिकाणी दोन हातांत दोन लगाम ठेवावे लागतात. म्हणजे एका हातात दोन्ही लगाम धरून दुसऱ्याने झोडपता येत नाही, मनगटाच्या झटक्याएवढंच. नॉर्वेने १९८० च्या दशकात चाबूक काढूनच टाकला. शर्यती बंद पडल्या नाहीत, घोडेही हळू झाले नाहीत.

आपल्याकडे धिरयो, म्हणजे बैल-रेड्यांच्या झुंजी, कायदेशीर करा अशी मागणी अधूनमधून उठते. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी शेतात, पहाटे चालूच असतात, मग नियम करून चालू द्या असा सूर. महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींचा दाखला देतात: डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची अटींसह परवानगी, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. 'नियम करून' हे शब्द तोंडाला सोपे आहेत. शिवाय शर्यत आणि झुंज यांत फरक आहे. सल्कीत घोड्याने चाल मोडली की त्याला मागे घ्यावंच लागतं. झुंजीत रेडा मागे हटला की तीच त्याची हार, आणि ती होईपर्यंत कुणी थांबवत नाही. थांबण्याची खूण खेळातच नसेल तर पंचाने शिट्टी कशावर वाजवायची?

आणि सल्कीत एवढं असूनही लबाडी होतेच. शर्यतीआधी नाकातून नळी घालून पोटात खाण्याचा सोडा सोडतात, म्हणजे स्नायूंतलं आम्ल मारलं जाऊन थकवा उशिरा येतो. यावर तपास म्हणजे रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड. मर्यादा देशाप्रमाणे लिटरला ३६ किंवा ३७ मिलिमोल. नळी चुकून फुफ्फुसात गेली तर घोडा जातो, हा धोका घेणारे लोक आहेत. रक्तपेशी वाढवायला देतात त्या कोबाल्टची मर्यादा लघवीत मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. फुफ्फुसात रक्त येतं म्हणून शर्यतीच्या दिवशी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध टोचायला उत्तर अमेरिकेत मुभा आहे, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी २७ जणांवर उत्तेजकांचे आरोप ठेवले, त्यांत सल्कीच्या घोड्यांचे शिक्षक आणि पशुवैद्यही होते. तपासणीत जे सापडतं ते पकडण्यापेक्षा तपासणीत न सापडणारं विकणाऱ्याला पकडणं महाकठीण, हे त्या खटल्यांतून दिसलं.

गोव्यात घोडा पाळणाऱ्याला, मग तो वरातीचा असो की किनाऱ्यावर फिरवायचा, यातली एक गोष्ट रोज उपयोगी पडते: उष्णता. जुंपलेल्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये असं आहे. आपल्या किनाऱ्यावर पारा ३७ ला क्वचित पोचतो, त्यामुळे नियम लागूच होत नाही आणि घोडा मात्र भाजतो. कारण आर्द्रता. घोड्याचं अंग घामाने थंड होतं आणि दमट हवेत घाम वाळत नाही. घोडेवाल्यांचा साधा हिशेब असा: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवायचा. बेरीज १३० च्या खाली असेल तर ठीक. १५० वर गेली की अंग थंड व्हायला अडचण, १८० वर कसच लावू नये. मे महिन्यातली गोव्याची दुपार धरा: ३३ अंश सेल्सिअस म्हणजे ९१, आर्द्रता ७५. बेरीज १६६. पहाटे तापमान उतरतं पण आर्द्रता नव्वदीला जाते, त्यामुळे 'पहाटे गार असतं' हेही मनाचं समाधान.

दमट हवेत काही महिन्यांत काही घोड्यांचा घामच आटतो. काम करून आला, नाकपुड्या फुगलेल्या, धाप थांबत नाही आणि अंग कोरडं, अशी खूण दिसली तर त्याला अजून पळवून घाम काढू नये. सावली, वारा, पाणी, आणि शक्य असेल तर घाटावर हलवणं, एवढाच उपाय. घाम भरपूर येत असेल तर तासाला दहा-बारा लिटर जातो आणि त्यात मीठही जातं. नुसतं पाणी दिलं की रक्त पातळ होऊन तहानच मरते, म्हणून मीठ चंदीतून. चंदी म्हटली की हेही: साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज निदान सात किलो वाळका चारा लागतो. भाताच्या पेंढ्यावर ते भागत नाही आणि पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात बहुतांश पाणीच. चाऱ्याऐवजी हरभरा वाढवला तर जठरात व्रण पडतात.

धावून आलेल्या घोड्याचं तापमान ४० ते ४१ असू शकतं, नाडी मिनिटाला दोनशेच्या वर. साज आणि तंग लगेच सोडायचा. थंड पाणी मान, छाती, पोट, मांड्या असं सगळीकडे ओतत राहायचं. मध्येच निथळून पुसत बसू नये, त्यात वेळ जातो, ओतणंच चालू ठेवायचं. झूल टाकायची नाही. गार पाण्याने पाय आखडतात ही समजूत खरी नाही. दर दहा मिनिटांनी गुदद्वारात थर्मामीटर लावायचा आणि ३९ च्या खाली आल्याशिवाय त्याला ठाणावर बांधायचं नाही.